याकोबाच्या शिडीखाली पाणी

आर्डिथ स्ट्रॅटनने यंदा सायकल चालवायची नाही, पिकअप चालवायची, हे तिला तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच हातचे गरम पाव खाता खाता सांगण्यात आलं. सांगितलं तिच्या सुनेने.

"आई, वाट तुम्हीच आखून द्या. ऐरणीचं पठार तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? पण सायकलवर आम्ही जातो. तुम्ही पलीकडे डांबरी रस्त्याला गाडी घेऊन थांबा."

ब्रिनली पावाला मध लावत होती आणि बोलताना नजर मधावरून हलू देत नव्हती. टेबलावर नकाशा पसरलेला होता, पीचच्या बरण्या ठेवून त्याचे कोपरे दाबून धरले होते. बाकीच्या बायका एकदम नकाशात काही हरवल्यासारख्या डोकावू लागल्या.

"थांबून काय करू?" आर्डिथने विचारलं.

"कलिंगड कापून ठेवा. सरबत गार ठेवा."

"म्हणजे लग्न तुमचं, आणि मी आचारी."

शेजारची नेल्डा आयव्हर्सन फिस्सकन हसली. नेल्डा आर्डिथपेक्षा थोडी लहान. "अगं, पिकअपला एसी आहे," ती म्हणाली. "मला कुणी असं सांगितलं असतं तर मी उद्याच सायकल विकली असती."

"तुम्हाला नाही सांगत, सिस्टर आयव्हर्सन. तुम्ही पडत नाही," ब्रिनली म्हणाली. आमच्या चर्चमधल्या बायकांना सिस्टर म्हणायची रीत आहे.

"पडायला आधी बसावं लागतं, बाई. याकोबाची शिडी आली की मी सायकल खांद्यावर घेते."

सगळ्या हसल्या. आर्डिथ हसली नाही. तिने ओव्हन उघडून दुसरा घाणा बाहेर काढला आणि ट्रे ओट्यावर असा आपटला की बाहेर परसात टोमॅटोला काठ्या लावत असलेल्या डेलने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. आर्डिथ बोलते तोवर भिण्याचं कारण नाही, ती भांड्यांकडून बोलवून घ्यायला लागली की जरा लांब राहावं, हे तिच्या नवऱ्याला इतक्या वर्षांच्या संसारात पाठ झालेलं होतं.

तशी आर्डिथ काही लहानपणापासून सायकलवर उड्या मारणारी बाई नव्हे. पाच मुलं वाढवली, चर्चमध्ये पोरांच्या रविवारच्या वर्गाला शिकवलं, दर शरदात तळघर भरून पीच आणि बीन्स बरण्यांत घातले. धाकटा टॅनर, आता ब्रिनलीचा नवरा, दोन वर्षं धर्मसेवेला ब्राझीलला गेला, तेव्हा त्याची डोंगरी सायकल गॅरेजात भिंतीला टेकून राहिली. चाकं उभ्या उभ्या कुजतील म्हणून आर्डिथ ती रोज गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणायची. मग कालव्यापर्यंत. मग कालव्याच्या पलीकडे खडकावर. एकदा बिशपच्या बायकोने (आमचे बिशप संसारी असतात) हळूच विचारलं, "सिस्टर स्ट्रॅटन, या वयात हे शोभतं का हो?" आर्डिथ म्हणाली, "शोभतं की नाही ते मागून येणाऱ्यांना विचारा. मला पुढचं बघावं लागतं." टॅनर परत आला तेव्हा सायकल त्याची राहिलेली नव्हती.

पुढे आमच्या न्यू बेथेल गावातल्या बायका तिच्यामागून निघू लागल्या. दर मे महिन्यात पठाराची सबंध वाट एका दमात करायची, हे तिनेच सुरू केलं. तारीख काढणं म्हणजे पंचांग बघण्यासारखं काम. रविवार देवाचा, सोमवारची संध्याकाळ घरच्यांची, बुधवारी तरुण मुलामुलींचे वर्ग, आणि पाऊस झालेला असेल तर तीन दिवस कुणी पठारावर पाऊल टाकायचं नाही, कारण तिथली माती ओली झाली की मळलेल्या कणकेसारखी चाकाला चिकटते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग कुठल्या खडकावरून चढायचं, वाळूचा पट्टा कुठे चुकवायचा, टायरमधली हवा कुठे कमी करायची, सराट्याचे काटे कुठल्या वळणाला असतात, हे सगळं ती नकाशावर शिसपेन्सिलीने दाखवायची. बायकांना दोनच गोष्टी घोकून घ्यायला लावायची. मातीवर जिवंत शेवाळाची काळी साय धरलेली असते तिच्यावर पाय ठेवायचा नाही, ती धरायला माणसाचं सबंध आयुष्य जातं. आणि निघायच्या आदल्या दिवशी पोट डब्ब होईतो पाणी प्यायचं.

गेल्या ऑक्टोबरात ती शिडीवर पडली. पठाराच्या पश्चिम कड्यावरून उतरणाऱ्या खडकाच्या पायऱ्यांना आमच्याकडे याकोबाची शिडी म्हणतात. बायबलातल्या शिडीवरून देवदूत चढउतार करायचे. हिच्यावरून चढत कुणी नाही, नुसती उतरतात. तिसऱ्या पायरीला पुढचं चाक फटीत गेलं आणि आर्डिथ हँडलावरून पलीकडे. गळपट्टीचं हाड मोडलं. तिला एका चाकाच्या स्ट्रेचरवरून खाली आणलं, आणि ती इस्पितळात पोचायच्या आत तिच्या घरी चीजचे बटाटे पोचले, वरून कॉर्नफ्लेक्स पसरलेले, आमच्याकडे मयताला करतात ते. तीन घरांतून तीन ट्रे.

"लोकांनी तुला पुरून टाकलेलं दिसतंय," डेल म्हणाला होता. "बटाटे मात्र चांगले आहेत."

खांद्यात आता लोखंडाची पट्टी होती. हाड सांधलं होतं, डॉक्टरांनी हात पूर्ण वर करून घेतला होता, आणि फेब्रुवारीपासून ती कालव्याच्या खडकांवर रोज सायकल काढत होती. ते सगळ्यांनी पाहिलंही होतं. तरी कालव्याचे खडक वेगळे आणि ऐरण वेगळी, असं सगळ्यांचं परस्पर ठरलं होतं.

"आणखी एक," ब्रिनली म्हणाली. "शिडीखाली आपण पाणी ठेवतो ना, तिथे जाणारा जीपचा रस्ता मार्चच्या पुरात वाहून गेला. आता तिथे पाणी न्यायचं तर शिडीवरूनच न्यावं लागेल. म्हणून मी म्हणते, यंदा शिडी नकोच. ओढ्यापाशी वळू आणि मागे येऊ."

"शिडी सोडून ऐरण?" आर्डिथ वळली. "मग इथेच टेबलाभोवती चकरा मारा की. पावही गरम आहेत."

"आई, पाण्याशिवाय उन्हात..."

"पाणी मी ठेवीन."

"कसं?"

"ते माझं मी बघेन."

डेल जन्मभर रस्ते खात्यात होता. तो जुन्या दोस्तांना सांगून एखादं मशीन पाठवील आणि रस्ता तेवढा सरळ करून घेईल, असं ब्रिनलीला वाटलं असावं. तिने खांदे उडवले. "ठेवा तर मग. पण गाडी तुम्हीच चालवायची, आई. टॅनरनेही तेच सांगितलंय."

"टॅनरला म्हणावं, माझी सायकल परत मागतोस का?"

बायका गेल्यावर नेल्डा दारात रेंगाळली. "आर्डिथ, ती वाईट नाही गं. गेल्या वर्षी तुझं डोकं तिच्याच मांडीवर होतं. तू किंचाळत होतीस, आणि ती पोर तुला स्तोत्रं म्हणून दाखवत होती."

"माहीत आहे. म्हणून काय मी जन्मभर तिच्या मांडीवर पडून राहू?"

"सुंभ जळला तरी पीळ जाईना," नेल्डा म्हणाली आणि उरलेला पाव हातात घेऊन घरी गेली.

त्याच आठवड्यात उपासाचा रविवार आला. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणं सोडतात, आणि पाणीही. प्रत्येकाचा उपास कशासाठी तरी असतो. कुणाचा आजारी मुलासाठी, कुणाचा नोकरीसाठी. आर्डिथने आपला उपास खांद्यासाठी धरला. चर्चमध्ये एकेक जण उठून आपली साक्ष देत होता, आर्डिथ बसून राहिली. पुढच्या बाकावर ब्रिनली धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती. पोर आजीकडे वळून दात दाखवत होतं. आजीने त्याला जीभ दाखवली आणि मनात म्हटलं, देवा, उद्या मला शिडी उतरू दे. सरळ, सीटवरून, तिसऱ्या पायरीसकट. मग हे सगळे आपोआप गप्प बसतील.

संध्याकाळी उपास सुटला. खारवलेलं हॅम, बटाटे, पाव. पोट भरल्यावर ती लवकर झोपली. इतकी वर्षं गावातल्या प्रत्येक बाईला जे बजावलं, ते तिला स्वतःला आठवलं नाही. वाळवंटात जायच्या आदला अख्खा दिवस तिने कोरडा काढला होता, आणि वर मीठ खाल्लं होतं. ही चूक तहानेची सवय नसलेला पाहुणा करत नाही, कारण तो उपासच करत नाही. ही आमचीच माणसं करू जाणोत.

सकाळी डेलने तिला पठाराच्या पूर्वेच्या टोकाला सोडलं. सोबत पाच बायकांसाठी पाण्याचे पाच कॅन. काही पाठीवरच्या पिशवीत, काही सायकलच्या दांडीला पट्ट्यांनी घट्ट बांधलेले. प्रत्येकावर नाव आणि तारीख लिहिलेली. वाळवंटात ठेवलेल्या पाण्यावर नाव असलं की त्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो तहानेने मरत का असेना. आमच्याकडे ते दुसऱ्याच्या घरात शिरण्यासारखं आहे. डेलने एकेक नाव वाचलं. ब्रिनली, नेल्डा, मग आणखी दोघी. पाचव्यावर आर्डिथ.

"पिकअपमध्ये बसणाऱ्या बाईला शिडीखाली पाणी कशाला?" त्याने विचारलं.

"तूच विचार कर."

"मी केला. मी नको म्हणतोय."

"ऐकलं."

"ऐकून काय करणार आहेस?"

"जाणार आहे. तू पलीकडे येऊन थांब."

"मी नाही आलो तर?"

"तर चालत घरी येईन आणि मग बघ."

डेलने टोपी काढून डोकं खाजवलं. तो नाही म्हणाला असता तर ती घरापासूनच सायकलने निघाली असती, हे त्याला कळत होतं. "सावकाश जा," एवढंच तो म्हणाला.

सुरुवातीला सगळं छान होतं. ऊन अजून कोवळं, खडक गार, खडकावर रंगवलेले पांढरे पट्टे एकामागून एक पुढे येत होते. पाठीवरचं वजन चढावर मागे खेचायचं आणि उतारावर पुढे ढकलायचं. ती एखाद्या हट्टी गाढवाशी बोलावं तशी पिशवीशी बोलत होती. वाळूचा पट्टा तिने वरच्या अंगाने चुकवला. ओढा ओलांडला. ओढ्यानंतरच्या लांब चढावर मात्र तोंडाला कोरड पडली, आणि चढ संपायच्या आत तिच्या बाटलीतलं पाणी संपलं.

असं कधी होत नसे. तिने बाटली उलटी धरली, हलवली. तेव्हा तिला आठवलं. काल! काल दिवसभर पाण्याचा थेंब नाही. ती हँडलावर हात टेकून उभी राहिली आणि स्वतःवरच मोठ्याने हसली. हसताना ओठ फाटला.

शिडीच्या माथ्यावर आली तेव्हा दोन्ही पोटऱ्या दगड झाल्या होत्या. खाली पायऱ्या दिसत होत्या, आणि तिसरीची फटही. इथे थांबून चार मिनिटं विचार करावा, असं इतर कुणालाही तिने सांगितलं असतं. तिने सीट खाली केली, वजन मागे टाकलं आणि सोडलं. पहिली पायरी धप्पकन मागे गेली. दुसरीला पाठीवरचं पाणी डचमळलं, पण चाक सरळ राहिलं. आणि तिसरीच्या तोंडाशी डाव्या पोटरीत असा गोळा आला की पाय पेडलवरून आपोआप सुटला आणि जमिनीला टेकला.

ती उभी होती. पडली नव्हती. पण सीटवर बसलेलीही नव्हती.

कड्याला बोटभर सावली होती, तिच्यात ती पाय पसरून बसली. मग तिने देवाला सुनावलं. आमच्याकडे मोठ्या आवाजात, हात बांधून, नम्रपणे प्रार्थना करतात. तिने हात बांधले नाहीत. "तुझ्यासाठी उपाशी राहिले आणि त्याच उपासाने मला इथे पाडलंस," ती म्हणाली. "हा काय न्याय झाला? मी काय मागितलं होतं? एक पायरी! समुद्र दुभंगून नव्हता मागितला." एक डोमकावळा कड्यावरून आरामात तरंगत गेला. पायात पुन्हा कळ आली.

पाठीवर पाणी होतं. नेल्डाचं होतं, ब्रिनलीचं होतं. त्याला तिने बोटही लावलं नाही. आपल्या नावाचा कॅन काढून ती प्यायली, हळूहळू, घोट घोट, जिभेला पुन्हा ओल येईपर्यंत. अर्धा झाल्यावर झाकण लावलं.

पोटरी सैल झाली. आता पुन्हा माथ्यावर चढून, पहिल्यापासून सुरुवात करता आली असती. ती त्या फटीकडे बघत बसली. मग आपण हे कुणाला दाखवायला करतोय, असं तिला वाटलं. इथे बघायला तर कुणी नाही, तो डोमकावळासुद्धा निघून गेला. मग तिने सायकल खांद्यावर घेतली, चांगल्या, न मोडलेल्या खांद्यावर, आणि तिसरी पायरी पायी उतरली. चौथीवर पुन्हा सीटवर बसली आणि तळापर्यंत थांबली नाही.

खाली कपारीत, काळ्या सायीला धक्का न लावता नुसत्या खडकावर तिने पाचही कॅन ओळीने ठेवले. मग उरलेली वाट करून ती डांबरी रस्त्याला आली तेव्हा डेल पिकअपच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता.

"उतरलीस?"

"उतरले."

"सगळी?"

"तिसरी पायी."

डेलने पाण्याचा थर्मास पुढे केला. "मग झालं का समाधान? आता शनिवारी गाडी चालवशील?"

"नाही," आर्डिथ म्हणाली आणि सगळा थर्मास संपवला.

शनिवारी पहाटे बायका तिच्या अंगणात जमल्या. सायकली उभ्या, हेल्मेटं डोक्यावर, नेल्डाच्या हातात अर्धा खाल्लेला पाव. ब्रिनलीने पिकअपची किल्ली सासूपुढे धरली.

"पाणी शिडीखाली कपारीत आहे," आर्डिथ म्हणाली. किल्ली तिने घेतली नाही. "पाच कॅन. माझा अर्धा आहे."

"रस्ता दुरुस्त झाला?"

"नाही."

ब्रिनलीला समजायला क्षणभर लागला. मग ती लाल झाली. "तुम्ही शिडीवरून गेलात? एकट्या? पाणी घेऊन?"

"चार पायऱ्या आहेत. एक पायी उतरले."

"आणि पडला असतात तर? तिथे फोन लागत नाही, आई! गेल्या वेळी तुमचं हाड कातडीतून वर आलेलं मी पाहिलंय. मी! तुम्ही नाही पाहिलंत, तुमचे डोळे मिटले होते. मला अजून ते स्वप्नात दिसतं."

आर्डिथला उत्तर तयार होतं, ते तिने गिळलं. ब्रिनलीचं म्हणणं खोटं नव्हतं.

"तुला भीती वाटते ते मला कळतं," ती शेवटी म्हणाली. "वाटू दे. पण तुझ्या भीतीला मी गाडीत बसवून फिरवणार नाही. कुठे उतरायचं आणि कुठे बसायचं ते मी त्या त्या पायरीवर ठरवीन. ते इथे अंगणात तुम्ही मिळून ठरवू नका."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी तुमच्या मागून येईन. रस्ता देवाचा आहे."

"बायांनो, ऊन चढतंय," नेल्डा पावाचा घास सावरत म्हणाली. "या दोघींना इथेच भांडत ठेवून आपण जाऊया का?"

"मग गाडी कोण चालवणार?" ब्रिनलीने किल्ली मुठीत दाबली. "बाबा?"

डेल बांधावर फावडं टेकून उभा होता. आज त्याची पाण्याची पाळी होती. न्यू बेथेलात माणूस मुलीच्या लग्नाला उशिरा जाईल, पण पाण्याची पाळी चुकवणार नाही. तो पाटाकडे बघत होता. पाणी नुकतंच त्याच्या शेताच्या दाराशी आलं होतं. मग त्याने कुंपणापलीकडे नेल्डाच्या नवऱ्याला हाक मारली, "ए, आयव्हर्सन! आजचं माझं पाणी तू घे." आणि फावडं बांधातच रोवून हात पुढे केला.

ब्रिनलीने किल्ली त्याच्या हातात दिली. आर्डिथकडे वळून ती म्हणाली, "शिडीवर मी तुमच्या पुढे राहीन."

"पुढे कशाला? पडले तर तुझ्याच अंगावर पडेन."

"म्हणूनच."

आर्डिथने हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि पट्टा ओढून घट्ट केला.

निघण्याआधी सगळ्या हात छातीशी बांधून गोल उभ्या राहिल्या. प्रार्थना कुणी करायची ते फेरीची पुढारीण सांगते. ब्रिनली म्हणाली, "बाबा, तुम्ही करा."

डेलने टोपी काढली.

"आमच्या स्वर्गातल्या पित्या," तो म्हणाला, "या सगळ्यांना सांभाळ. चाकांना काटे लागू देऊ नकोस. आणि आर्डिथला आवरण्याचं काम मी आजपासून सोडलंय. आता तू बघ. मला वाटत नाही तुलाही जमेल. येशूच्या नावाने, आमेन."

"आमेन!" आर्डिथ सगळ्यांत मोठ्याने म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी सायकलवर बसली.